केमेलच्या शेवटच्या पेट्या

मंगळवार, ५ नोव्हेंबर १७७१

केमेलला पुरून तीन दिवस झाले. चार माणसं भेटायला आली आणि चौघांनीही तेच म्हटलं - "असा हात पुन्हा होणे नाही."

कुठला हात? मी विचारलं नाही. नवरा गेलेल्या बाईनं प्रश्न विचारायचे नसतात. रुमाल धरायचा असतो. धरला.

पॅरिसात केमेलच्या दागिन्यांच्या पेट्या म्हटलं की लोक मान तिरकी करून हळू आवाजात बोलतात. झाकणावर ट्यूलिप, ट्यूलिपवर वाकलेला पक्षी, आणि कोपऱ्यात ते पान, कडेला दुमडलेलं. ‘केमेलची घडी’ म्हणतात तिला. गेली अकरा वर्षं ती घडी मागच्या खोलीत, करवत जोडलेल्या लाकडी घोड्यावर बसून मी कापली आहे. पापुद्र्यासारखं पातळ लाकूड, त्याहून पातळ पातं; तेच तुकडे जोडून झाकणावर चित्र बसवायचं. मग पानाची कड गरम वाळूत धरायची, अगदी मोजून, की सावली पडल्यासारखी भाजते. बोटांची टोकं भाजतात ती वेगळीच. बापाकडून शिकलेली करवत. तोही आयुष्यभर दुसऱ्यांच्याच नावावर कापत मेला.

केमेल बिनकामाचा होता असं नाही म्हणत. खोका त्याचा. सांधा असा करायचा की केस शिरायचा नाही. पण खोक्याला बघून कुणी हळू आवाजात बोलत नाही.

आणि चित्रं त्याची. ऱ्हाइनकाठच्या त्याच्या गावाहून येताना फुलापानांच्या चित्रांचं एक बाड आणलं होतं त्यानं. ते मात्र मानते मी. सुंदर आहेत. पॅरिसला आल्यापासून नवीन एकही काढलं नाही, तेवढंच नवल.

पेटीच्या तळाला मारायचा त्याच्या नावाचा ठसा त्याच्या कमरेच्या थैलीत होता. अंगाला पाणी घालायच्या आधी तो काढून घेतला. शेजारणीनं पाहिलं. पाहू दे.

रविवार, १० नोव्हेंबर

आज नियम पुन्हा वाचून घेतला. सुतारांच्या संघाच्या नियमाप्रमाणे उस्तादाची विधवा कारखाना चालवू शकते, त्याचाच ठसा मारू शकते, पुन्हा लग्न करत नाही तोवर. म्हणजे नवरा जिवंत असताना मी कुणीच नव्हते, आता मेल्यावर मी अर्धी केमेल आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

अर्धवट राहिलेली पेटी पूर्ण केली. खोका केमेलचा, बाकी माझं. वेन्डेलिननं तळाला ठसा मारला. वेन्डेलिन आमचा मुख्य कारागीर, तोही जर्मनच, पस्तिशीचा. ठसा मारायचा मान कायम पुरुषाचा. मी हातोडी उचलली तर म्हणाला, "मालकीणबाई, असू द्या, मी मारतो." जणू चुलीवरचं भांडंच उतरवतोय.

फोंतेल पेटी न्यायला आला. फोंतेल म्हणजे आमचा व्यापारी. राजवाड्याजवळ दुकान, मखमली कोट, तपकिरीची डबी. स्वतः खिळासुद्धा ठोकला नसेल कधी. घडीवरून बोट फिरवून म्हणाला, "इथं बघा, मादाम केमेल. इथं हात थोडा थरथरलाय. त्याला कळलं होतं."

थरथरला खरा. त्या दिवशी मला सर्दी झाली होती.

डोळे पुसत, पेटी काखेत घेऊन गेला. दारात थांबून विचारलंन - "आणखी एखादी... राहिली नाही ना कुठं?"

मंगळवार, ३ डिसेंबर

मूर्ख मी. म्हटलं, आता खरं बोलून बघू.

नवी पेटी केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खोका वेन्डेलिनचा, काम माझं. आत निळं रेशीम. फोंतेलला सांगितलं, "ही कारखान्याची नवी पेटी. त्यांच्या मागं केलेली."

त्यानं पेटी उचललीसुद्धा नाही. चिमूटभर तपकीर ओढली. म्हणाला, "प्रयत्न चांगला आहे हो. पण पाकळ्यांत भित्रेपणा आहे. बायकी हात म्हणा हवं तर. घडी बघा, ती नुसती दुमडलीय. केमेलची घडी वळायची."

अकरा वर्षं हेच पान, हाच हात. मेल्या, तुझ्या घरात तुझ्या बायकोच्या आरशापाशी ठेवलेली पेटीसुद्धा माझीच आहे!

रागानं जेवणात मीठ जास्त पडलं. वेन्डेलिननं दोन ताटल्या सूप खाल्लं आणि काही बोलला नाही. त्याचे हे गुण आहेत.

मंगळवार, १० डिसेंबर

तीच पेटी. निळं रेशीम फाडलं, केमेल वापरायचा तसलं हिरवट लावलं. दोन दिवस धुराड्याजवळ ठेवली. कोपऱ्यांत थोडी धूळ, सरस लावून चिकटवलेली, म्हणजे झटकली तरी जायची नाही. वेन्डेलिन म्हणाला, "मालकीणबाई, हे पाप आहे." म्हटलं, "तू धुरात ठेव, पापाचं मी बघते."

फोंतेलला निरोप. लाकडांच्या राशीमागं एक सापडलीय.

खुर्चीत बसला तो. पेटी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "घडी बघितलीत? वळलीय."

बुधवार, १ जानेवारी १७७२

सहा आठवड्यांत तीन ‘शेवटच्या’ पेट्या. एक राशीमागं, एक माळ्यावर, एक वेन्डेलिनच्या पलंगाखाली (तो रुसला). जिवंतपणी केमेल महिन्याला एक करायचा. मरण मानवलंय त्याला.

गुरुवार, ९ जानेवारी

व्हायचं तेच झालं. संघाचे पंच तपासणीला आले. तिघं, पुढं तेसरो. हा तेसरो स्वतः कपाटं करतो. त्याची कपाटं उघडताना गुडघा लावावा लागतो.

पेट्या उलट्या करून ठसे तपासले. वरचं काम एकानंही बघितलं नाही. यांचं असंच. पेटीचं तोंड तिच्या तळाशी असतं असं यांना वाटतं.

तेसरो म्हणाला, "बाई, मेलेला माणूस इतकं काम करतो कसा?"

"साठवणीतलं आहे."

"साठवण वाढत चाललीय तुमची. हे कापतं कोण? बाहेरचा कुणी लपवून ठेवलाय?"

मी पेट्या पुन्हा सुलट्या करायला लागले. मीच कापते म्हणून सांगितलं असतं तर तो हसला असता. मग गावभर झालं असतं, मग फोंतेलच्या सगळ्या थरथरत्या घड्या कवडीमोल झाल्या असत्या.

शेवटी हुकूम दिला. नऊ मार्चला संघाच्या सभेत यायचं. जो कोणी कापतो त्यानं पंचांसमोर कापून दाखवायचं. आणि विधवा म्हणून नोंद करायची तर केमेल परदेशी होता, त्याच्या गावच्या धर्मगुरूचा दाखला आणायचा, तो कोण, कुठला. नाहीतर ठसा जमा, कारखाना बंद.

म्हणजे मग मी, वेन्डेलिन, तीन कामकरी, आणि मागच्या खोलीतली करवत, सगळे रस्त्यावर. मला दुसरं काहीच येत नाही. भाकरीसुद्धा धड येत नाही.

वेन्डेलिनला बसवून त्याच्या भाषेत त्या धर्मगुरूला पत्र लिहून घेतलं. ‘आमचे उस्ताद वारले, कारखान्याला त्यांचा दाखला हवा आहे.’ उद्या टपालात.

बुधवार, २२ जानेवारी

वेन्डेलिननं लग्नाचं विचारलं. चर्चमधून येताना, चिखलात, टोपी हातात घेऊन. "मालकीणबाई, विधवेशी लग्न केलं की उस्ताद होणं स्वस्त पडतं. आणि तुम्ही मला आवडताही." या क्रमानं.

वाईट वाटलं नाही. माणूस खोटं बोलत नाही. पण नको. उद्या याच्या नावाचा ठसा होईल आणि लोक ‘वेन्डेलिनची घडी’ म्हणतील. त्यापेक्षा मेलेला केमेल बरा. तो बढाई मारत नाही आणि त्याचे मोजे शिवावे लागत नाहीत.

"पंच काय म्हणतात बघू, मग," म्हटलं. त्यानं टोपी घातली. थंडीनं कान लाल झाले होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उत्तर आलं! वेन्डेलिननं वाचून दाखवलं. दोनच ओळी. ‘दाखला तयार आहे. केमेलच्या घरचं माणूस तो घेऊन स्वतः निघालं आहे.’

घरचं माणूस? भाऊ असेल. नाहीतर काका. येऊ दे. चार दिवस कोबी खाईल, केमेलचा कोट मागेल. कोट देऊन टाकीन. चित्रांचं बाड देणार नाही.

शनिवार, २९ फेब्रुवारी

रोज ते पान कापते आहे. पंचांसमोर हात थरथरायला नको. घडीचा आतला भाग अजून मनासारखा येत नाही. केमेलच्या चित्रात तो वळतो, माझ्या हातून नुसता दुमडतो. फोंतेलला तिथं भित्रेपणा दिसला. भित्रेपणा नाही तो. पण काहीतरी आहे, आणि ते मला अकरा वर्षं ठाऊक आहे. हे इथंच लिहिते, बाहेर कुणाला सांगणार नाही.

बुधवार, ४ मार्च

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू. मांस बंद, लग्नं बंद. खारवलेला मासा. घरचं माणूस अजून नाही.

शनिवार, ७ मार्च

लिहू कसं. क्रमानं लिहिते.

दुपारी दार वाजलं. बाई होती. पन्नाशीची, लाकडी जोडे चिखलानं भरलेले, पाठीला गाठोडं. फ्रेंच शब्द एकच येत होता - "केमेल." वेन्डेलिनला हाक मारली. दोघं बोलले. बोलता बोलता वेन्डेलिन माझ्याकडे बघायचा थांबला.

तिचं नाव ऑटिली. केमेलची बायको. सत्तेचाळीस साली लग्न. बावन्न साली तो पॅरिसला निघाला, दोन वर्षांत बोलावून घेतो म्हणून. वाटेतून एक पत्र आलं. मग काही नाही. कुणीतरी सांगितलं, वाटेत तापानं गेला. एकोणीस वर्षं तिनं त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. आणि तो इथं माझ्यासमोर बसून माझ्या हातचं सूप खारट झालंय म्हणत होता.

सूप काय, अख्खं लग्नच खारट निघालं.

ती दोन कागद घेऊन आली होती. एक त्याच्या जन्माचा. दुसरा लग्नाचा, तिच्याशी. दोन्ही जर्मन. इथं ते वाचू शकतो फक्त वेन्डेलिन.

मग तिनं वेन्डेलिनकडून मला विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

मी म्हटलं, "सांग, इथं कामाला आहे."

खोटं नव्हतं ते. तिनं माझ्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं.

गाठोड्यातून तिनं एक पेटी काढली. लहान, गावठी, अक्रोडाची. झाकणावर ट्यूलिप. कोपऱ्यात पान. दुमडलेलं नाही, वळलेलं.

मी वेन्डेलिनला विचारलं, "ही कुणाची?" त्यानं तिला विचारलं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

चित्रांचं बाड आणून तिच्यापुढं ठेवलं. तिनं एकेक कागद उलटला. रडेल असं वाटलं होतं, पण नाही रडली. मोजले तिनं. मग वेन्डेलिनला म्हणाली, "चार कमी आहेत."

तिची चित्रं. तो घेऊन पळालेला. गावातही तो खोकेच करायचा, कापायची ती.

बायको निवडताना केमेलची नजर पक्की होती हे कबूल करायला हवं. दोन लग्नं केली, दोन्ही वेळा करवतच घरी आणली.

घडीचं विचारलं मी. राहवलं नाही. वेन्डेलिननं सांगितलेलं तसंच लिहिते. तरुणपणी एक पेटी करताना तिला लाकूड कमी पडलं, पानाचं टोक पुरेना. दुसरा पापुद्रा आणायला पैसे नव्हते. म्हणून तिनं पान दुमडून टोक लपवलं. एवढंच.

अख्खं पॅरिस गेली अकरा वर्षं एका गरीब बाईच्या टंचाईपुढं मान तिरकी करून उभं आहे. हसू आलं मला, आणि थांबेना. तीही हसली, कशाला ते न कळता.

संध्याकाळ व्हायच्या आत ती माझ्या करवतीवर जाऊन बसली. विचारलंही नाही. पातं काढलं, बोटानं चाचपलं, उलटं करून पुन्हा बसवलं. पापुद्रा उचलला आणि कापलं. मी घडी एका तुकड्यात कापते. तिनं दोन कापले, एकाखाली एक, आणि आतल्या तुकड्याचे रेषे आडवे वळवले. वाळूत फक्त आतला भाजला.

पान वळलं.

लाज वाटली. ठसा केमेलचा, हात माझा, असं छाती फुगवून लिहीत आलेय या वहीत. हातसुद्धा उसना होता. तो तिचं चोरत होता आणि मी, न विचारता, चोरीचा माल कापत होते.

रविवार, ८ मार्च

चर्च. मासा. वेन्डेलिननं बाजूला घेऊन सांगितलं, "मालकीणबाई, जन्माचा दाखला तेवढा द्या. दुसरा चुलीत टाका. मी काही वाचलेलं नाही." चांगला माणूस आहे. दुसरा कागद दिवसभर खिशात आहे. सरसाची चूल पेटलेली आहे.

सोमवार, ९ मार्च

संघाची सभा. लांब टेबल, हिरवं कापड, तीन पंच, एक कारकून. दाराशी फोंतेल, बातमी हुंगायला. तेसरोनं विचारलं, "विधवा केमेल कोण?"

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि ऑटिलीचा हात धरून तिला पुढं केलं. वेन्डेलिननं कागद वाचले.

तेसरो माझ्याकडे वळला. "मग बाई, तुम्ही कोण?"

"कारखान्यातली कामवाली."

कारकुनाची लेखणी थांबली. अशा बाईसाठी त्याच्या वहीत रकानाच नव्हता. दाराशी फोंतेलच्या हातून तपकिरीची डबी पडली.

मग करवत मांडली. तेसरो म्हणाला, "कापणारा कुठाय?" ऑटिली जाऊन बसली. तेसरो उठला, बसला, नियमाचं पुस्तक मागवलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. विधवेनं कारखाना चालवावा असं लिहिलंय. विधवेनं कापू नये असं कुठं लिहिलेलं नाही. लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं!

तोवर तिचं पान तयार होतं. तिघांनी ते हातात घेतलं. पहिल्यांदाच या लोकांनी कामाची वरची बाजू बघितली. तेसरोनं नियमाचं पुस्तक मिटलं. ठसा ‘विधवा केमेल’कडे राहिला.

आत गेले तेव्हा विधवा होते, बाहेर आले तेव्हा अविवाहित. अडतिसाव्या वर्षी. उपासाच्या दिवसांत.

येताना वेन्डेलिननं ऑटिलीचं गाठोडं उचललं. घरी आल्यावर तिला खुर्ची दिली. पुन्हा एकदा दिली. खऱ्या विधवेकडे बघून त्याचे कान लाल झाले होते. बघ बाबा, तुझं तू. माझी काही तक्रार नाही, थोडी आहे.

अंगठी काढली. बोटावर पांढरा पट्टा राहिलाय. पलंग तिला दिला आहे, मी मागच्या खोलीत. जायला सांगेल तेव्हा जाईन. कुठं, ते माहीत नाही.

गुरुवार, १२ मार्च

पहिली पेटी झाली. वरची पानं तिची, खालची माझी. मी ठसा तिच्या हातात दिला. वेन्डेलिन पुढं आला तर तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं. स्वतः मारला. केमेल.

मग हातोडी माझ्या हातात दिली आणि पहिल्या ठशाशेजारी लाकडावर बोट टेकवलं. मी मारला. केमेल. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

फोंतेल येऊन गेला. सोमवारी सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस. पेटी उलटी केली आणि श्वास रोखून म्हणाला, "दोन ठसे. हे त्याचं अगदी शेवटच्या दिवसांतलं. गिऱ्हाइकांना असंच सांगणार मी."

आम्ही दोघींनी मान डोलावली. ऑटिलीला फ्रेंच येत नाही. तिनं माझ्याआधी डोलावली.